दुपारी एक ते चार

यंदा डिसेंबरात दहा दिवस पुण्यात राहायचं ठरलं. माणसं सहा : त्र्याहत्तर वर्षांची आई, मी, नवरा, दोन मुलं आणि नाशिकहून येणारी धाकटी बहीण. आईला सवाई गंधर्व संगीत महोत्सव, म्हणजे आमच्या भाषेत सवाई, ऐकायचं होतं, मुलांना शनिवारवाडा बघायचा होता आणि मला दहा दिवस कुणाचाही पाहुणचार न घेता राहायचं होतं. म्हणून दिवसाच्या भाड्यानं मिळणारा फ्लॅट शोधायला लागले. ऑक्टोबरात कामासाठी बंगळुरूहून एक दिवस पुण्यात आले, तेव्हा मामाच्या कोथरूडच्या गॅलरीत बसून त्याला मोबाइलवर निवडलेल्या जागा दाखवल्या. मामा सत्तर वर्षांचा; आईला तो ताई म्हणतो. जन्म नारायण पेठेतला आणि गेली कित्येक वर्षं आपल्या सोसायटीचा सेक्रेटरी. मग जे झालं ते आठवेल तसं लिहिते आहे.

मामा : आधी एक सांग. मामा पुण्यात धडधाकट असताना भाचीनं भाड्याच्या घरात उतरायचं, ही कुठली पद्धत?

मी : तुझ्याकडे दोन खोल्या आणि एक बाथरूम. सहा माणसं सकाळी रांगेत उभी राहणार आणि मामी पहाटे पाचला उठून पोह्यांचे कांदे चिरत बसणार. सहाव्या दिवशी तूच विचारशील, परतीची गाडी कितीची आहे.

मामा : विचारीन, पण मनातल्या मनात.

मी : शिवाय पुण्यात येऊन बाहेर उतरणं काही आजचं नाही. लक्ष्मी रोडवरचं पूना गेस्ट हाउस लहानपणी तूच मला दाखवलं होतंस.

मामा : नानासाहेब सरपोतदारांचं. मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक. १९३५ साली त्यांनी ते काढलं. नाटक-सिनेमातल्या माणसांची तिथे सतत ये-जा. ते मान्य. पण ते गेस्ट हाउस होतं, पाटी लावलेलं. तू म्हणतेस तो प्रकार वेगळा. सोसायटीतला फ्लॅट, मालक परदेशात, रोज नवी बॅग, रोज नव्या चपला. लिफ्टमध्ये माणूस दिसला तर ओळखीचा की अनोळखी, हे वॉचमनलासुद्धा कळत नाही. सेक्रेटरी म्हणून मी याच्या विरोधात आहे, हे नोंदवून ठेव.

मी : नोंदवलं. पण सेक्रेटरी म्हणूनच मदत कर. जागा मोक्याची कशी ओळखायची?

मामा : दाखव.

त्यानं चष्मा कपाळावर चढवला आणि मोबाइल नाकाजवळ धरला. पहिल्या तीन जागा अंगठ्यानं सरकवून टाकल्या. चौथी बाणेरची होती. अकरावा मजला, दोन बाथरूम, लिफ्ट, जनरेटर, पार्किंग, खाली पोहण्याचा तलाव.

मामा : ही घे. बोलायचं काम नाही.

मी : तू? नारायण पेठेत जन्मलेला माणूस मला बाणेरला पाठवतोय?

मामा : जन्मलो म्हणूनच पाठवतोय. पेठ तुमच्यासाठी फोटोत आहे, माझ्यासाठी गुडघ्यात आहे. पंचेचाळीस पायऱ्या रोज चारदा. खाली उतरलं की स्कूटर काढायला दोन स्कूटर हलवायच्या. लक्ष्मी रोड एकेरी, त्यामुळे समोर दिसणाऱ्या दुकानात गाडीनं जायचं तर पेठेला प्रदक्षिणा. तुम्हाला दहा दिवस विसावा हवा ना? मग मोकळी हवा आणि लिफ्ट बघ. वाड्यांचं कौतुक कादंबरीत वाच.

मी : बाणेरच्या जाहिरातीतही लिहिलंय, ‘शहराच्या मध्यभागी’.

मामा : पुण्यात ते कुणीही लिहू शकतं. २०१७ मध्ये अकरा गावं महापालिकेत आली, २०२१ मध्ये आणखी तेवीस. शहराची कड जिथे सरकते तिथून मध्यही सरकतो. हिंजवडी तर महापालिकेत नाहीच, तरी जाहिरातीत तेही पुणेच. विमानतळाजवळ उतरणाऱ्याला विमाननगर मध्यावर वाटतं, खराडीत मीटिंग असलेल्याला खराडी. कोरेगाव पार्कात उतरणाऱ्याला तर बाकीचं पुणे लागतच नाही.

मी : म्हणजे मध्य आपल्या कामावरून ठरतो. आमची कामं ऐक. कसबा गणपती, लाल महाल, शनिवारवाडा. केळकर संग्रहालय. तुळशीबागेत बहिणीची खरेदी. मंडईतली भाजी, कारण आईला हात लावून भाजी घेतल्याशिवाय चैन पडत नाही. भांडारकर संस्थेत मला एक दिवस. आणि सवाई. यातलं बाणेरला काय आहे?

मामा : काही नाही. पण तिथून निघायला गाडी आहे.

मी : कुठली? आम्ही गाडी आणत नाही. रिक्षात माणसं तीन. आम्ही सहा. म्हणजे प्रत्येक वेळी दोन रिक्षा. जाऊन-येऊन चार भाडी. दहा दिवसांची चाळीस. तेही दिवसातून एकदाच बाहेर पडलो तर. बाणेरचा फ्लॅट स्वस्त दिसतो तो रिक्षाचा हिशेब मांडेपर्यंत.

मामा गप्प झाला. बँकेत पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला बेरीज-गुणाकार दाखवला की तो आधी आकडे तपासतो, मग बोलतो.

मामा : बरोबर आहे. बरं, बाणेर सोडू. पण पेठच का? डेक्कनला घे. प्रभात रोड, भांडारकर रोड. झाडं आहेत, शांतता आहे. तुझी भांडारकर संस्था चालत. वैशाली, रूपाली, गुडलक, सगळं हाताशी. बालगंधर्व जवळ. संध्याकाळी मुलांना हनुमान टेकडी. नदीच्या अलीकडे राहा आणि पलीकडे हिंडा.

मी : हे पटण्यासारखं आहे. पण आईचं काय? नळ स्टॉपहून मंडई तिला चालत जमणार नाही.

मामा : मेट्रो आहे. डेक्कन जिमखान्याला बसा, जिल्हा न्यायालयाला बदला, मंडईला उतरा. २९ सप्टेंबर २०२४ पासून भुयारी मार्ग स्वारगेटपर्यंत सुरू आहे. कसबा पेठ, मंडई, स्वारगेट. आमच्या पेठेच्या पोटातून आगगाडी जाईल असं कुणी सांगितलं असतं, तर आम्ही त्याला येरवड्याला धाडलं असतं.

मी : आणि गाडी बदलताना?

मामा : तिथे जरा सांभाळ. ते स्टेशन जमिनीखाली तेहतीस मीटर आहे आणि डेक्कनकडून येणारी गाडी उंच खांबांवरून येते. लिफ्ट आहेत, सरकते जिने आहेत, पण ताईच्या चालीनं बदलायला वेळ लागतो. आपण नकाशात बघतो तेव्हा दोन रेघा एका ठिपक्याला भेटलेल्या दिसतात. त्या ठिपक्यात दहा-अकरा मजल्यांची उंची असते हे दिसत नाही.

मी : जाहिरातींचंही तसंच. मागे एका शहरात ‘स्टेशन पाच मिनिटांवर’ वाचून घर घेतलं. पाच मिनिटं होती, पण मोटारीनं. तेव्हापासून मी मिनिटं मोजत नाही. मध्ये किती रस्ते ओलांडायचे, किती पायऱ्या चढायच्या, हे विचारते.

मामा : आणि नकाशावर नेमकी इमारत दाखवत नाहीत, म्हणतात. नुसता एक गोल.

मी : पैसे भरेपर्यंत गोलच. म्हणून मी मालकाला विचारते, ‘जवळचं देऊळ कुठलं? जवळचा चौक कुठला?’ पुण्यात देवळाचं नाव कळलं की घर कळतं.

मामा हसला. आईच्या माहेरचा पत्ता वर्षानुवर्षं एका मारुतीच्या मागे असाच होता. पण लगेच त्याचा चेहरा पुन्हा सेक्रेटरीसारखा झाला.

मामा : जागेइतकाच महिनाही बघावा लागतो. भाद्रपदात पेठेत घर घेतलं असतंस तर गणपतीत दहा दिवस वाहन आत आणणं कठीण झालं असतं. विसर्जनाला तर मिरवणूक मंडईतून निघते, लक्ष्मी रोडनं अलका चौकात येते आणि दुसऱ्या दिवशीही चालूच असते. ज्याला तीच बघायची आहे त्याला याहून मोक्याची जागा नाही. ज्याला झोपायचं आहे त्याला याहून वाईट जागा नाही. आषाढीच्या आधी पालख्या येतात, माउलींची भवानी पेठेत, तुकोबांची नाना पेठेत. दोन मुक्काम. त्या दिवसांत त्या बाजूला राहणं म्हणजे भाग्य, पण रिक्षा विसरायची.

मी : आणि पावसाळ्यात?

मामा : पावसाळ्यात नदी विचारायची. खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल बुडतो, नदीपात्रातला रस्ता बंद. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रोडला एकतानगरीत घरांत पाणी शिरलं. आणि नुसती नदीच नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये आंबिल ओढ्यानं सहकारनगर-अरण्येश्वरकडे एका रात्रीत काय केलं ते आठव. जाहिरातीत ‘पाण्याकाठचं दृश्य’ लिहिलेलं असलं, की मी पाणी कुठल्या महिन्यात कुठवर येतं ते आधी विचारतो.

मी : तू आणि आईनं तर पूर पाहिलाय.

मामा : १२ जुलै १९६१. मी सहा वर्षांचा, ताई नऊ. पानशेत धरण फुटलं आणि दुपारपर्यंत पाणी नारायण पेठेत. ताईनं माझा हात धरला तो संध्याकाळपर्यंत सोडला नाही. पाणी ओसरलं तेव्हा वाड्याच्या खालच्या चौकात गुडघाभर चिखल. मग कितीतरी माणसं पेठ सोडून गोखलेनगरसारख्या पूरग्रस्तांच्या वसाहतींत गेली. आम्ही परतलो. पुढे वाडा पाडून इमारत झाली, तेव्हा मात्र मी कोथरूडला आलो आणि ताई तुझ्याकडे.

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मामी चहा ठेवून गेली.

मी : मामा, खरं सांगू? आईनं विचारलंय, पेठेत मिळेल का म्हणून.

मामा : तिनं? मला नाही म्हणाली.

मी : तू रागावशील म्हणून. तिला पुन्हा तिथे झोपायचंय. एवढंच.

मामा : तिथे आता काय राहिलंय? रमणबागेतलं सवाई आम्ही चालत ऐकायला जायचो, सतरंजी काखेत मारून. पहाटे घरी येऊन झोपायचो. आता ते मुकुंदनगरला भरतं. वाडा नाही, शेजार नाही. आणि जी थोडी घरं उरलीत तीही तुझ्यासारख्यांना रोजच्या भाड्यानं देतात. बार्सिलोनाचं वाचलंस ना? तिथल्या महापौरांनी २०२४ मध्ये जाहीर केलं, नोव्हेंबर २०२८ पर्यंत प्रवाशांना भाड्यानं द्यायच्या दहा हजारांवर फ्लॅटचे परवाने संपवणार. कारण गावातल्या माणसांना राहायला घर उरेना. आपल्याकडे तेवढं झालेलं नाही. पण वाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत रात्री निम्म्या खिडक्या अंधाऱ्या दिसल्या, की माझ्या मनात तेच येतं.

मी : हा मुद्दा मी खोडू शकत नाही. पण निवड तर करता येते. मालक त्याच इमारतीत राहतो अशी जागा घेऊ. राज्याच्या पर्यटन खात्याची निवास-न्याहारी योजना याच कल्पनेवर उभी आहे. मालक घरात राहतो, काही खोल्या पाहुण्यांना देतो. त्यात नोंदणी असते आणि रात्री पाणी गेलं तर दार ठोठावायला माणूस असतो.

मामा : सहा माणसांना नुसत्या खोल्या पुरणार नाहीत. पण तत्त्व बरोबर. मालक खाली, फ्लॅट वर. आणि सोसायटीची लेखी परवानगी आहे का, हे विचार. नसेल तर भांडण मालकाचं आणि मनस्ताप तुमचा. ओळखपत्रं मागितली तर तोंड वाकडं करू नकोस. जो मागत नाही त्याच्याकडे राहू नकोस.

मी : आणखी?

मामा : लिहून घे. लिफ्ट आहे का, आणि वीज गेल्यावर चालते का. पाणी कधी येतं, टाकी केवढी. गिझर आहे की सोलर. सोलर असेल तर सहाव्या माणसाला गार पाण्यानं अंघोळ. बेडरूमची खिडकी रस्त्याकडे की मागे. खाली हॉल किंवा कार्यालय आहे का, डिसेंबर म्हणजे लग्नसराई. रात्री फाटक किती वाजता बंद होतं, कारण सवाईहून परतायला दहा-साडेदहा होणार.

मी : तू विरोधात होतास ना?

मामा : विरोधात आहेच. पण माझी बहीण राहणार आहे तिथे.

मी : मग आता माझं म्हणणं ऐक. आपण मघापासून जायचंच मोजतोय. मंडई किती लांब, सवाई किती लांब. सुट्टीतला माणूस कुठेही जातो, हौसेनं जातो. खरा प्रश्न परतण्याचा असतो. आई सकाळी दोन तास हिंडेल, मग तिला आडवं व्हायला लागेल. मुलं बाराला भुकेनं रडकुंडीला येतील. बाणेरला असलो तर दोनच वाटा. एकतर सकाळी निघून रात्रीपर्यंत सगळ्यांनी एखाद्या हॉटेलच्या खुर्चीत डुलक्या काढायच्या, नाहीतर आईला घरी ठेवून आपण जायचं. चाळीस भाड्यांची ऐंशी कुणी करत नाही. पेठेत असलो तर एकला घरी, जेवण, पाठ टेकायची आणि चारला पुन्हा बाहेर. एका दिवसाचे दोन दिवस होतात.

मामा : एक ते चार.

मी : हो.

मामा : आयुष्यभर जग आम्हाला हसलं. पुण्यात दुपारी एक ते चार दुकानं बंद म्हणून. चितळे मिठाईवाल्यांनीसुद्धा २०१७ मध्ये दुपारची सुट्टी बंद केली, तेव्हा तर वर्तमानपत्रांत बातमी झाली. पण ती सुट्टी शक्य होती, कारण घर दुकानाच्या मागे किंवा माडीवर होतं. ज्याचं घर दीड तासावर त्याला कसली दुपार? आळस नव्हता तो. पत्ता तसा होता.

मी : तेच म्हणतेय. घर पाहावं बांधून म्हणतात. सुट्टीचं घर पाहावं परतून.

मामा : वाक्य बरं आहे. पण सगळ्यांना लागू करू नकोस. ज्यांना कार्ल्याची लेणी, लवासा, सिंहगड असं गाडीनं फिरायचंय, दुपारी घरी यायचंच नाही, त्यांना बाणेर उत्तम. हायवे खाली, पार्किंग मोफत. त्यांना पेठेत आणून सोडलंस तर ते गाडी लावायला जागा शोधण्यातच परततील. आणि तरुण पोरांना, ज्यांना रात्री बाराला जेवायचंय, त्यांना कोरेगाव पार्क. आपलं परतणं दुपारचं आहे म्हणून पेठ. एवढंच.

मी : म्हणजे पेठ?

मामा : पेठ. पण लिफ्टवाली. आणि बघितल्याशिवाय पैसे भरायचे नाहीत.

त्या रात्री मी परतले. नारायण पेठेतल्या एका नव्या इमारतीतला तिसऱ्या मजल्याचा फ्लॅट यादीत होता. मालक त्याच इमारतीत राहणारे. दोन दिवसांनी मामाचा फोन आला. तो आयडियल कॉलनीला मेट्रोत बसून डेक्कनला उतरला होता आणि लकडी पुलावरून चालत पेठेत गेला होता.

मामा : बघून आलो. लिफ्ट लहान आहे, तिघांची, पण चालते. वीज गेल्यावरही चालते, मी मालकांना मेन स्विच बंद करून दाखवायला लावलं. पाणी सकाळी येतं, टाकी मोठी आहे. बेडरूम मागच्या बाजूला. खाली पोळी-भाजी केंद्र आहे, पोळ्या खाऊन बघितल्या, बऱ्या आहेत.

मी : मंडई?

मामा : ताईच्या चालीनं चाललो. म्हणजे दर शंभर पावलांनी थांबून दुकानं बघत. अर्धा तास. येताना रिक्षा करा, भाजीचं ओझं असेल. सवाईला मंडईहून मेट्रोनं स्वारगेट, एकच स्टेशन, तिथून मुकुंदनगर रिक्षानं. रात्री परतताना सरळ दोन रिक्षा करा, तिथे काटकसर नको.

मी : सोसायटीची परवानगी?

मामा : पत्र बघितलं. शिक्का आहे. त्यांच्या सेक्रेटरीशी बोललो. माझ्यासारखाच आहे, वैतागलेला.

मी : मग भरू पैसे?

मामा : भर. एक सांगायचं राहिलं. मागच्या खिडकीतून आमच्या वाड्याची जागा दिसते. इमारतच आहे तिथे, पण कोपऱ्यातला औदुंबर ठेवलाय. ताईला आधी सांगू नकोस.

मी : नाही सांगत.

मामा : आणि मालकांकडून किल्ल्या दोन मागून घे.

मी : दुसरी कशाला?

मामा : एक ते चार मी कुठे जाऊ?